वीस जोड चपला

सोलापुरात राहून तीन वर्षं मी गड्ड्याची जत्रा पाहिली नव्हती. सांगायचीसुद्धा लाज वाटते. त्र्याहत्तरच्या संक्रांतीला सगळी गल्ली जत्रेत असताना शेजारची तांब्याची भांडी चोरीला गेली, आणि आमचे हे, महादेवप्पा, घर सोडेनासे झाले. खिडक्यांना गज बसवले, मागच्या भिंतीवर काचा रोवल्या (पहिलं रक्त यांच्याच बोटातून निघालं), दाराला घुंगरं बांधली. तरी जत्रेचं नाव काढलं की म्हणायचे, "मोकळं घर म्हंजी चोराला आवतान!"

मला मोठ्या पाळण्यात बसायचं होतं. पन्नाशी उलटायच्या आधी एकदा. बास.

यंदा मी डोकं चालवलं. घर मोकळं दिसलं तर चोर येणार ना? मग दिसूच द्यायचं नाही. आमच्याकडे दारातल्या चपला बघितल्या की आत किती माणसं आहेत ते कळतं. कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या रावजीकडे कुणी न्यायला न आलेल्या वीस जोड्या पडून होत्या, त्या मागून आणल्या. पुढच्या दाराला आतून कडी घातली, मागच्या दारानं बाहेर पडून कुलूप लावलं आणि पुढच्या पायरीवर चपला पसरल्या, एकीवर एक, घाईत काढल्यासारख्या. यांनी चोराच्या नजरेनं गल्लीतून दोन फेऱ्या मारल्या आणि कबूल केलं, "लई माणसं दिसत्यात की!" मग किल्ली करगोट्याला बांधली.

जत्रेच्या होम मैदानावर पोचल्यापासून मी उगीचच हसत होते. पाळण्याच्या रांगेत पुढे चारच माणसं उरली, तेवढ्यात शेजारचा सिद्धाप्पा सायकल टाकून धावत आला आणि यांच्या गळ्यात पडला. माझ्याकडे त्यानं बघितलंच नाही.

"अण्णा, घात झाला! रत्नम्मा वारल्या!" रत्नम्मा म्हणजे मी.

"कोण म्हणतं?"

"तुमची नागव्वाक्का मंद्रूपहून आलीया. दारात ह्या एवढ्या चपला, अन् हाका मारून कुणी ओ देईना. एवढी माणसं गप बसत्यात ती मयतालाच की! भाऊ तर धडधाकट हाय, म्हंजी भावजयच गेली, म्हणती. पायरीवर बसून ऊर बडवतीया. निम्मी गल्ली रडतीया. तुमी जत्रंत दिसला असं कळलं, तशी सायकल हाणली."

मी त्याच्या खांद्यावर बोटानं टकटक केलं. तो वळला आणि त्यानं अशी किंकाळी फोडली की रांगच मोडली.

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. हे मात्र हसले नाहीत. मी समोर धडधडीत उभी होते, तरी यांचे डोळे भरले होते.

"आदी घरी चला," सिद्धाप्पा म्हणाला. मी मनातल्या मनात पाळण्याला रामराम ठोकला.

यांनी करगोट्याची गाठ सोडली. तीन वर्षांत ती किल्ली मलासुद्धा कधी मिळाली नव्हती. ती सिद्धाप्पाच्या हातावर ठेवून म्हणाले, "अक्काला सांग, रत्नी जित्ती हाय. मागचं दार उघड, समद्यांना आत घे, च्या पाज. आमाला उशीर व्हईल."

पाळणा वर गेला, गिरणीचं धुराडं दिसायला लागलं आणि मी ओरडले, "अहो, ती बघा आपली गल्ली!"

त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. माझा हात दोन्ही हातांनी धरून ते माझ्याकडेच बघत बसले होते.