सोललेली मुळी

सासूबाईंची गरोदरपणातल्या ओकाऱ्यांवरची मुळी तपासायला नेली ती धाकट्या सुनेनेच. ती काम करायची त्या प्रयोगशाळेत गरोदर बायकांना देतात तो झाडपाला तपासत. उंदरिणीच्या गर्भाशयाची बारीक पट्टी कोमट द्रावणात टांगायची, अर्काचे थेंब सोडायचे आणि पट्टी आकसते का, म्हणजे गर्भ पडायचा धोका आहे का, ते पडद्यावरच्या रेषेत पाहायचं. सासूबाईंच्या मुळीने रेषा हललीसुद्धा नाही. धाकटी हरखून घरी आली आणि थोरल्या जावेला म्हणाली, "ताई, बिनधास्त घ्या. मी स्वतः पाहिलंय."

थोरलीला तिसरा महिना होता. आधीची दोन बाळं पोटात टिकली नव्हती. ओकाऱ्यांनी तिची पार काडी झाली होती, तरी धाकटीने हो म्हणेपर्यंत तिने काढा तोंडाला लावला नव्हता. तीस वर्षं गल्लीभर औषध देणाऱ्या सासूबाई त्यावरून फुगल्या होत्या. "आमच्या घरात माझ्यापेक्षा उंदरिणीच्या शब्दाला मान," म्हणत.

काढा सुरू केल्याच्या आठव्या दिवशी सकाळी सासूबाई खलात मुळी कुटत होत्या. कूट तपकिरी होतं. पाणी प्यायला आलेली धाकटी थबकली.

"आई, साल काढली नाहीत?"

"साल कोण काढतं? सालीतच तर गुण असतो."

"मला दिलेल्या मुळ्या पांढऱ्याफेक होत्या."

"तुझ्या प्रयोगशाळेतल्या मॅडमपुढे जायच्या होत्या ना. सोलल्या, तीन पाण्यांनी धुतल्या. घरची वस्तू चारचौघांत मळकी जाऊ द्यायची होय?"

माणूस लाजेपोटी जितकं झाकतो, तितकं पापापोटीही झाकत नसेल. धाकटीने शेजारी बसलेल्या थोरलीच्या हातातला काढ्याचा पेला काढून घेतला आणि सालीसकट दोन मुळ्या पिशवीत टाकून कामावर गेली.

दुपारी पट्टी आकसली. सैल झाली, पुन्हा आकसली. मॅडम म्हणाल्या, "आधीचा अहवाल आजच मागे घ्यायचा. आणि जावेला लगेच डॉक्टरांकडे ने."

डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले. ठोके होते. पुढचं मात्र आत्ताच सांगता येणार नाही, म्हणाल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा या, एवढंच.

घरी थोरली भिंतीला टेकून बसली. "आठ दिवस प्यायले. त्याचं काय?"

"माहीत नाही, ताई. पोटातल्या बाळाला किती पोचतं, ते या तपासणीत कळत नाही. मुळी सोललेली का, हे मी विचारायला हवं होतं."

"तू हो म्हणालीस म्हणून घेतलं मी."

धाकटी तिच्याशेजारी खाली बसली.

 सासूबाई हळूच म्हणाल्या, "काढा घेणाऱ्यांत ज्यांचं पोटातलं गेलं त्यांना मी सांगायचे, देवाच्या मनात नव्हतं."

"सगळं मुळीमुळेच गेलं असेल असं नाही, आई."

"असं नाही, आणि मुळीमुळे गेलं नसेल असंही नाही. मग देवावर कशाच्या जोरावर ढकललं मी?"

थोरलीने पोटावर पदर ओढून घेतला आणि विचारलं, "आत्ता अजून कुणी पितंय?"

सासूबाईंनी बोटांवर मोजलं. "चौघी."

"मग बसलात काय? संध्याकाळचा काढा घ्यायच्या आत गाठा त्यांना."

सासूबाई उठल्या. दारात चप्पल पायात सरकेना. धाकटीने खाली वाकून ती नीट घातली.

"तू बोल," त्या म्हणाल्या, "मी नुसती उभी राहते."

"नाही, आई. त्यांनी तुमच्या शब्दावर घेतलंय. तुम्हीच सांगा."

पहिलं दार समोरचंच होतं. सासूबाईंनी कडी वाजवली.