धुण्याआधीचं माप

खोकला येण्याआधी येडूअण्णांना तो कळायचा. हातातलं ब्लेड टेबलावर ठेवून ते तोंड भिंतीकडे फिरवायचे, खोकून घ्यायचे, खांद्यावरच्या टॉवेलला तोंड पुसायचे आणि मगच पुन्हा ब्लेड उचलायचे. समोरच्या लाल फिल्मवर एक शिंतोडा उडाला तरी आठवड्याचं काम वाया गेलं असतं. जून १९७८ मध्ये ते आमच्या प्रयोगशाळेत आले तेव्हा हे दिवसातून तीसेक वेळा व्हायचं. सप्टेंबरात ते चार-पाचवर आलं होतं.

त्याआधी बावीस वर्षं ते सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात नक्षा काढत होते. चादरीवरचा मोर, वेल, चौकट आधी चौकडीच्या कागदावर घर मोजून उतरवायची, मग त्यावरून मागासाठी भोकांचे पत्ते पाडायचे. त्यांचं टेबल मागांच्या मधोमध होतं आणि दिवसभर कापसाचं तूस त्यांच्या अंगावर, कागदावर, छातीत जाऊन बसायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुसात बसायचं सोडा, नाहीतर दोन वर्षं धरून चाला. घरी बायको आणि थोरली मुलगी विड्या वळायच्या. दुसरं काम शोधायला त्यांना हात चांगला होता, पण शिक्षणाचा कागद एकही नव्हता. चौथीपर्यंत तेलुगूत शिकलेले.

आमचे प्रमुख मडिवाळप्पा सर त्यांना म्हणाले होते, "अँटेना पास झाला की ड्राफ्ट्समनची जागा मंजूर करून आणतो. तोवर टेंपररी."

काम असं होतं. गाडीच्या टपावर चिकटून बसेल असा सपाट अँटेना करायचा आणि तो दोन पट्ट्यांवर चालला पाहिजे. बोलायला बाराशे मेगाहर्ट्झ, ऐकायला पंधराशे. प्लॅस्टिकच्या बोर्डावर तांब्याचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. त्यातले चार आयत आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक फांद्या तेवढ्या ठेवायच्या, बाकीचं तांबं द्रावणात विरघळवून टाकायचं. आयताची लांबी एक आकडा ठरवते, रुंदी दुसरा. आयत मोठा झाला की दोन्ही आकडे उतरतात, लहान झाला की चढतात. सगळं एका टक्क्याच्या आत बसलं तर तो अँटेना. नाही बसलं तर नुसते तांब्याचे चौकोन.

हा नक्षा पाचपट मोठा करून लाल फिल्मवर ब्लेडने कापावा लागतो. मग छापखान्याचे ब्लॉक करणारे मकदूमभाई त्यांच्या मोठ्या कॅमेऱ्याने तो पाच पट लहान करून द्यायचे आणि तोच आम्ही बोर्डावर उतरवायचो. गणित माझं, हात येडूअण्णांचा.

कामावर घेण्याआधी मी त्यांची परीक्षा घेतली होती. कागदावर शंभर मिलिमीटरच्या दहा रेघा काढायला लावल्या आणि भिंगाखाली तपासल्या. एकाही रेघेत केसाएवढा फरक नव्हता. त्यानंतर मी त्यांच्या कामाला पट्टी लावली नाही.

पहिला बोर्ड ऑगस्टात झाला. लहरी सोडणाऱ्या जनरेटरचा आकडा हळूहळू चढवत जायचं. जिथे मीटरची सुई कोसळते तो त्या आयताचा आकडा. सुई आधी ११७६ वर कोसळली, मग १४७० वर. दोन्ही बरोबर दोन टक्क्यांनी खाली.

मला वाईट वाटलं नाही, उलट कुतूहल वाटलं. दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात चुकतात, तेव्हा दोष एकाच ठिकाणी असणार. बोर्डाच्या प्लॅस्टिकमध्ये लहर किती आखडते याचा एक अंक असतो. कंपनीच्या पुस्तकात तो अडीच होता. तो २.६ धरला की माझे दोन्ही आकडे तंतोतंत जुळत होते. पुस्तक चुकलंय, असा मी निष्कर्ष काढला. नव्या अंकाने आयत दोन टक्क्यांनी लहान केले आणि मापं येडूअण्णांना दिली.

सप्टेंबरात दुसरा बोर्ड. १२०० आणि १५०१.

मडिवाळप्पा सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मानसिंग, टेंभुर्णीच्या मातीत असलं पण पिकतं का रे?" त्यांनी येडूअण्णांच्या जागेचं पत्र त्याच दिवशी वर पाठवलं.

येडूअण्णा माझ्याजवळ आले. "सायेब, कारखान्याचा मालक इचारायलाय. टेबल धरून ठेवू का दुसऱ्याला देऊ म्हनतोय. काय सांगू?"

"सोडा अण्णा. आता तिकडे जायचं नाही."

"नक्की?"

"दोन्ही आकडे बरोबर आलेत. अजून काय पाहिजे?"

त्यांनी टेबल सोडलं.

ऑक्टोबरात मी माझी मापं बंगळूरच्या एका कारखान्याला पाठवली. तिथे यंत्र नक्षा कापायचं. त्यांनी वीस बोर्ड केले, तपासले आणि डिसेंबरात पत्र आलं. वीसच्या वीस बोर्ड १२२४ आणि १५३० वर होते. दोन टक्क्यांनी वर. पत्राची शेवटची ओळ अशी होती की तुमचा २.६ हा अंक आमच्या कोणत्याही मोजणीत सापडत नाही.

सरांनी पत्र माझ्यासमोर ठेवलं. "एक चुकला असता तर त्यांच्यावर ढकललं असतं. वीस? आता काय सांगू मी त्यांना?"

मी आधी मकदूमभाईंकडे गेलो. कॅमेराच जास्त मोठं काढत असेल असं मला वाटत होतं. ते बिडी ओढत बसले होते.

"मेरा क्यामेरा बारा साल से एकीच जगा पे खडा है, साब. नई हिलता. तुमारा नकशा नापे क्या?"

"नकशा बरोबर असतो. येडूअण्णा कापतात."

"नापे क्या पूछा मैं."

परत येऊन मी कपाटातून दुसऱ्या बोर्डाची फिल्म काढली आणि तिला पहिल्यांदा पट्टी लावली. आयताची लांबी ३८७.५ मिलिमीटर हवी होती. ती ३९५ होती. दुसरा आयत, तिसरा, चौथा, सगळे तसेच. कडा आरशासारख्या साफ, कोपरे काटकोनात, आणि सगळं दोन टक्क्यांनी मोठं. पहिल्या बोर्डाची फिल्म काढली. तीही तशीच.

म्हणजे पुस्तक बरोबर होतं. येडूअण्णा दोन टक्के वाढवत होते आणि मी माझ्या २.६ ने ते नकळत काढून टाकत होतो. दोन चुका मिळून आमचा बोर्ड अचूक आला. बंगळूरला त्यातली एकच गेली.

येडूअण्णा खिडकीशी बसून ब्लेडला धार लावत होते.

"अण्णा, हे साडेसात मिलिमीटर जास्त कसे?"

त्यांनी फिल्मकडे पाहिलं सुद्धा नाही. "सोडलोय की."

"सोडलोय म्हणजे?"

"आटायला." मला एवढंही कळत नाही याचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं. "तुमी त्याला टबात बुडवताय, मंग नळाखाली धुताय, मंग उन्हात ठिवताय. धुतल्यावर आटंना असं कायतर हाय का जगात?"

"तांबं आहे ते! तांबं आटत नाही."

"मला कोन सांगितलं?"

"मग मला विचारायचं तरी. मी परीक्षा घेतली तेव्हा तर मापं बरोबर होती."

"तो कागद हुता. कागद कोन धुतंय?" ते हसले, पण माझा चेहरा बघून थांबले. "सायेब, नक्षावाला सांगत नसतोय. मालक साठ इंच म्हनतो, आमी एकसष्टाला काढताव. चादर धुऊन साठ निघाली की मालक खूष. आधी सांगत बसलं तर मालक म्हननार, ह्याला माझं माप पटंना. माझा बाप पण कुनाला सांगितला न्हाय." मग हळूच म्हणाले, "दुसरा बोर्ड बराबर आला की. आलता का न्हाय?"

"आला होता."

"मंग?"

मी त्यांना समजावून सांगितलं. माझा अंक, त्यांची वाढ, बंगळूरचं यंत्र. शेवटी त्यांनी ब्लेड कागदात गुंडाळलं आणि म्हणाले, "जागेचं काय हुईल?"

दुसऱ्या दिवशी सरांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं.

"अहवाल द्यायचाय. कशामुळे झालं ते एका वाक्यात लिही."

"सर, मीही फिल्म मोजली नाही. एकदाही नाही. पहिला बोर्ड चुकला त्याच दिवशी पट्टी लावली असती तर..."

"कळतंय मला." ते चष्मा पुसत राहिले. "तपासायचं काम तुझं होतं असं लिहिलंस तर तो राहील. अडाणी माणूस, त्याला काय माहीत, असं मी वर सांगू शकतो. पण मग तू राहणार नाहीस. तुझं प्रोबेशन मार्चपर्यंत आहे. एम्‌एस्सी झालेला मुलगा पट्टी लावत नाही, हे मी कुणाला सांगू? बघ. तुझ्या हातात ठेवतो."

मी तीन दिवस घेतले. पहिल्या दिवशी दोघांच्या चुकांची दोन वाक्यं लिहिली. दुसऱ्या दिवशी त्यातलं माझं वाक्य लहान केलं. तिसऱ्या दिवशी जे टाइप झालं ते एवढंच: "नक्षा कापणाऱ्या कामगाराने कोणालाही न सांगता सर्व मापांत दोन टक्के वाढ केल्यामुळे बोर्डाचा अंक चुकीचा निघाला." त्याखाली दुरुस्त मापं आणि माझी सही.

अहवाल इंग्रजीत होता. येडूअण्णांनी तो टाइपरायटरशेजारी पाहिला आणि विचारलं, "ह्यात माझं काय हाय? वाचा की."

मी मराठीत वाचून दाखवलं. ते मान हलवत ऐकत होते.

"न सांगता. व्हय, खरंच हाय. मी सांगितलो न्हाय." मग त्यांनी विचारलं, "आन् तुमी मोजला न्हाय, ते?"

"ते यात नाही."

"फुडच्या पानावर हाय?"

"नाही अण्णा."

त्यांनी टॉवेल खांद्यावर सारखा केला. मला वाटलं शिवी देतील. ते म्हणाले, "तुमी आजून ल्हान हाव," आणि टेबलावरचं आपलं भिंग, ब्लेडचं पाकीट आणि पितळी गुण्या पिशवीत भरायला लागले. पितळी गुण्या प्रयोगशाळेचा होता. ते लक्षात आल्यावर त्यांनी तो काढून परत ठेवला.

जानेवारीत बंगळूरहून नवे बोर्ड आले. १२०० आणि १५००. मार्चात माझी नेमणूक कायम झाली.

त्याच आठवड्यात मी कारखान्यात गेलो. कशासाठी ते ठरवून गेलो नव्हतो. मागांचा आवाज गल्लीच्या तोंडापासूनच पायाखाली जाणवत होता. आत उन्हाच्या पट्ट्यात तूस तरंगत होतं आणि नक्ष्याच्या टेबलावर दुसराच माणूस वाकून बसला होता. येडूअण्णा मागच्या बाजूला बायकांच्या रांगेत बसून चाकावर सुताच्या कांड्या भरत होते. ते काम बायकाच करतात. मालकाने परत घेतलं तेच पुष्कळ, असं वाटेत एकाने मला सांगितलं होतं.

मला बघून त्यांनी चाक थांबवलं नाही. आवाजामुळे मला त्यांच्या कानाशी वाकावं लागलं.

"बरे आहात?"

"हाय की." ते बारीक झाले होते. "सायेब, त्या जागेचं काय झालं? भरली?"

"नाही. रद्द झाली."

"मंग परत निघंल की कवातर. निघाली तर मडिवाळप्पा सायबास्नी सांगा, येडू हाय म्हनून. आता आटायला सोडत न्हाय म्हनून सांगा."

त्या जागेच्या फाइलीत पहिल्याच पानावर माझा अहवाल लावलेला होता. जागा पुन्हा कधी निघाली तर जो कोणी फाइल उघडेल तो आधी तेच वाक्य वाचणार होता.

"सांगतो," मी म्हणालो.

त्यांना खोकला आला. इथे तोंड फिरवायला भिंत नव्हती, दोन्ही बाजूंना बायका होत्या. ते गुडघ्यात डोकं घालून खोकत राहिले. ते आवरेना तेव्हा शेजारच्या बाईने माझ्याकडे न बघता त्यांच्या हातातला धागा घेतला आणि त्यांचं चाक आपल्या डाव्या हाताने फिरवत ठेवलं.