चार बोटं आत

मी दांडा बोलतोय. ऐकायचं असेल तर बसा, नाहीतर चालू लागा. मला गोड बोलता येत नाही आणि या वयात शिकायचंही नाही.

जन्म माझा विलायतेतला. साच्याला, म्हणजे कापडाच्या मागाला, जोडलेला असा आगबोटीने मुंबईला आलो आणि परळच्या एका गिरणीत वीस वर्षं कापड विणण्यात गेली. एक दिवस टोकाला तडकलो. मुकादमाने भंगारात फेकलं. म्हटलं, संपलं आता, कुणाच्या तरी बंबात जाणार.

तिथून मला राजारामने उचललं.

राजाराम साचेवाला. बुटका, काळा, शाळेचं तोंड न पाहिलेला. तरुणपणी मशीनच्या पट्ट्याने त्याचा उजवा हात ओढला होता. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. हात पुरता उघडायचा नाही, खांदा खाली ओघळलेला. डॉक्टर म्हणाला, हे असंच राहणार. राजाराम म्हणाला, बघू. त्याने माझं तडकलेलं टोक कापलं, मला तासलं, मानेमागे आडवं धरलं आणि पाळी सुटली की लालबागच्या चाळीच्या गच्चीवर अंग पिळायला लागला. दोन वर्षांत तो हात डोक्याच्या वर गेला. खांदा मात्र ओघळलेलाच राहिला.

माझ्यावर त्याने तीन खाचा केल्या. मधली मानेची, डावी डाव्या मुठीची. तिसरी उजव्या मुठीची, पण ती डावीपेक्षा चार बोटं आत, मानेकडे, कारण तो हात तेवढाच उघडत होता. ही चार बोटं लक्षात ठेवा.

मग बाकीचे यायला लागले. साच्यापुढे उभं राहून पाठीची कमान झालेली माणसं. राजाराम एकेकाला उघडा उभा करायचा, मानेपासून मुठीपर्यंत दोन्हीकडून सुतळीने मापायचा, आणि त्या मापाचा दांडा बनवून द्यायचा. "दुसऱ्याच्या मापाचा घेतलास तर दुसऱ्याचं दुखणं घेशील," हे त्याचं पहिलं बोलणं. दुसरं असं की, माणूस गेला की त्याचा दांडा त्याच्याच चितेवर ठेवायचा. तो दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा नसतो. लोक याला मापाची कसरत म्हणत आणि राजारामला मास्तर.

एक दिवस दादरहून हेमचंद्र आला. ऑफिसात बसून कंबर धरलेली. इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल.

"सदरा काढा, माप घेतो," मास्तर म्हणाला.

"इथे? या सगळ्यांसमोर?"

"मग काय आरसेमहाल बांधू?"

लवू म्हणून एक साचेवाला होता, सगळ्यात जुना चेला, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "काढा हो साहेब, आमची नजर नाय लागत!" गच्ची हसली. हेमचंद्राने सदरा काढला नाही. कोपऱ्यात उभा राहून महिनाभर नुसतं बघितलं आणि वहीत लिहून घेतलं. माप त्याने कधी दिलंच नाही. मला तेव्हाच तो माणूस आवडला नव्हता.

छप्पन साल उजाडलं. मुंबई महाराष्ट्राला पाहिजे म्हणून सगळं गिरणगाव रस्त्यावर आलं. मास्तर सत्याग्रहात गेला आणि सहा महिने आत बसला. तुरुंगात दांडा नेता येत नाही. मी खोलीत भिंतीला टेकून राहिलो.

हेमचंद्र आला. मास्तरच्या बायकोला, बकुळाला म्हणाला, "वहिनी, मास्तर येईपर्यंत वर्ग बंद पडायला नको. त्यांचा दांडा द्या, मी चालवतो."

बकुळाने मला त्याच्या हवाली केलं. वर त्याला चहा पाजला.

त्याने मला दादरच्या सुताराकडे नेलं आणि पट्टी लावून मोजायला सांगितलं. लांबी, जाडी, खाचा, सगळं जसंच्या तसं. माझ्यासारखे दोनशे दांडे बनवून घेतले, सगळे एका मापाचे. दादरला हॉल घेतला, बाहेर पाटी लावली: हेमचंद्र दंडसाधना मंदिर. पुस्तक काढलं. त्यात लिहिलं की, ही विद्या त्याला हिमालयातल्या एका साधूने दिली. आणि उजवी खाच चार बोटं आत का? तर म्हणे, सूर्यनाडी जागी होते! अरे गाढवा, ती सूर्यनाडी नव्हे, तो साच्याचा पट्टा होता! पण मला तोंड नव्हतं. मला काचेच्या कपाटात उभा केला होता, खाली हिरवी मखमल.

मास्तर सुटून आला आणि तडक दादरला गेला.

"हा माझा दांडा," तो म्हणाला.

हेमचंद्र खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "यावर नाव आहे का तुमचं?"

मास्तरला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, हे त्याला माहीत होतं. म्हणून तर विचारलं.

मास्तर परत गेला. महिन्याने पुन्हा आला. या वेळी भांडायला नाही. "नाव तुझंच ठेव," म्हणाला, "दांडासुद्धा ठेव. पण ती चार बोटं माझ्या मोडक्या हाताची आहेत रे. पोरांना त्यांची-त्यांची मापं घे. नाहीतर खांदे जातील त्यांचे."

"अडाण्याने शास्त्र शिकवू नये," हेमचंद्र म्हणाला आणि शिपायाकडून त्याला जिन्याखाली सोडलं. कपाटाच्या काचेतून मी सगळं पाहिलं. त्या दिवसापासून मी एकच गोष्ट धरून बसलो. याचा सूड बघितल्याशिवाय मोडायचं नाही.

एकोणसाठ साली मास्तर गेला. छातीत कापूस बसला होता. भोईवाड्याच्या स्मशानात त्याच्या सगळ्या चेल्यांनी खांदा दिला, पण चितेवर त्याचा दांडा नव्हता. मी दादरला मखमलीवर उभा होतो. ही गोष्ट मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

साठ साली महाराष्ट्र झाला. मे महिन्यात परळच्या मैदानात मोठा सोहळा, त्यात दंडसाधनेची प्रात्यक्षिकं. हेमचंद्राने मला कपाटातून काढलं आणि मिरवत व्यासपीठावर नेलं. खाली दोनशे पोरं, उघडी, रांगेत. शिट्टी झाली. दोनशे दांडे मानेमागे गेले.

तेव्हा सगळ्या मैदानाला दिसलं. तीन-चार वर्षं चार बोटं आत धरून धरून सगळ्यांचा उजवा खांदा खाली ओघळलेला.

मागून लवूचा आवाज आला, "आयला! ही सगळी आमच्या मास्तरासारखी कशी उभी?"

लोक हसले. मग हसणं थांबलं, कारण गर्दीतून बकुळा चालत येत होती. नऊवारी खोचलेली, काखेत गाठोडं. ती व्यासपीठावर चढली, हेमचंद्राच्या हातातून मला ओढून घेतलं आणि टेबलावर आडवं ठेवलं. गाठोड्यातून मास्तरचा सदरा काढला. त्याची उजवी बाही तिने स्वतः आखूड शिवलेली. मानेची पट्टी मधल्या खाचेवर ठेवली, बाह्या दोन्ही बाजूंना पसरल्या. डावी बाही डाव्या खाचेवर संपली. उजवी उजव्या खाचेवर. एक सूत इकडे नाही, तिकडे नाही.

"ह्यो माझ्या घोवाचो सदरो," ती ओरडली. "तुझ्या साधूचो हात कोणत्या गिरणीत मोडलो होतो रे मेल्या?"

पोरांचे आईबाप उठले. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की, हेमचंद्र मागच्या बाजूने गेला आणि चप्पल तिथेच राहिली. मी बकुळाच्या खांद्यावरून घरी आलो. त्या पोरांची मापं आता ती आणि लवू घेतात. काहींचे खांदे वर येतायत, काहींचे येणार नाहीत. त्याचा हिशेब मी कुणाला माफ करणार नाही.

दिवाळीच्या आधी हेमचंद्र चाळीत आला. स्वतःही तेच करत आला होता ना! उजवा हात वर जाईना, भांग पाडता येईना. दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, माझं माप घ्या."

बकुळाने मला खाली काढलं आणि भाजीची सुरी त्याच्यापुढे ठेवली.

"नाव विचारलं होतंस ना? तू शिकलेला. कोर."

तो गॅलरीत मांडी घालून बसला. सगळी चाळ बघत होती. 'रा' झाला. 'जा'च्या वळणाला त्याचा खांदा अडला, त्याने डाव्या हाताने उजवं मनगट रेटलं, डोळ्यात पाणी आलं. सुरी माझ्या अंगात जात होती, मला दुखत होतं. पण त्याला जास्त दुखत होतं, म्हणून मला बरं वाटत होतं. दुपार होईस्तोवर 'राजाराम' पुरं झालं.

मग बकुळा म्हणाली, "सदरा काढ."

त्याने काढला. सगळ्यांसमोर. तिने सुतळी घेतली आणि नीट माप घेतलं, मास्तर घ्यायचा तसं. त्याला त्याचा दांडा मिळाला. मला विचारलं असतं तर मिळाला नसता.

आता मी बकुळाच्या दाराशी खुंटीवर असतो. चेले म्हणतात, मास्तरचा दांडा आहे, नेऊन जाळू या, त्याच्या जिवाला शांती मिळेल. खरं आहे, माझी जागा तिथेच होती. पण लवू काल दादरला जाऊन आला. हॉलवरची हेमचंद्राच्या नावाची ती पाटी अजून तशीच आहे.

ती उतरवा, आणि मला तिच्यासकट जाळा. तोवर मला काडी लावायची नाही.