वरची ओळ

"वर्ष झालं, अजून डाव्याच हाताने पियानो वाजवतेयस?" जगन्नाथरावांनी दारातूनच विचारलं.

लतिकाबाईंनी उजवा हात स्वेटरच्या खिशात घातला. "मेथडच तशी आहे हो. जुनी इटालियन."

नोव्हाय गावातल्या कंपनीत मोटारींचे ब्रेक तपासण्यात जगन्नाथरावांचा जन्म गेला होता. कुणी काही दडवलं की त्यांना लगेच वास यायचा. लतिकाबाईंना पियानो शिकवणारी आसावरी तर त्यांना पहिल्यापासूनच पटली नव्हती. ॲन आर्बरच्या विद्यापीठात ती दोनशे वर्षांपूर्वीच्या इटालियन पियानोशिक्षणावर संशोधन करत होती. "थिसिससाठी गिऱ्हाईक केलंय तिने तुझं," ते म्हणायचे. फोनवर आसावरीशी बोलताना ते खोलीत आले, की लतिकाबाई विषय बदलायच्या.

दर शनिवारी लतिकाबाईंना शिकवणीला सोडून ते गाडीतच थांबायचे; त्या शनिवारी थांबले नाहीत. बर्फ तुडवत आसावरीच्या अपार्टमेंटपाशी गेले. दार नुसतंच लोटलेलं होतं. आत लतिकाबाई डाव्या हाताने खालचे स्वर वाजवत होत्या आणि वरची चाल हलकेच गात होत्या.

"उजव्या हाताला काही शिकवणार आहेस की नाही?" जगन्नाथरावांनी आत शिरत आसावरीला विचारलं.

आसावरी उठून उभी राहिली. "काका, नेपल्सला तेव्हा मुलांना फक्त बास, म्हणजे खालची ओळ, लिहून द्यायचे. वरची ओळ आपली आपण शोधायची. आधी गाऊन."

"आणि वाजवायची कधी?"

आसावरीने लतिकाबाईंकडे पाहिलं. "मावशी, सांगू?"

लतिकाबाईंनी स्वतःच उजवा हात मांडीवरून उचलून जगन्नाथरावांसमोर धरला. तो थरथरत होता.

"पार्किन्सन्स. मागच्या हिवाळ्यात कळलं. ही मेथड मीच मागून घेतली. हिच्यात एका हातावर भागतं."

तो हात सतत खिशात का असतो, हे जगन्नाथरावांनी कधी विचारलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही लगेच दुरुस्तीला बसला असतात. मला थोडे दिवस नुसतं वाजवायचं होतं."

ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. बूट ओले होते, गालिचा भिजत होता. मग आसावरीला म्हणाले, "चालू दे तुमचं."

रविवारी सकाळी चहा त्यांनीच केला. लतिकाबाईंचा कप अर्धाच भरला, त्याचा कान डाव्या हाताकडे वळवून त्यांच्यापुढे ठेवला आणि स्वतः खिडकीबाहेरचा बर्फ बघत बसले.