दोन आटे

तिने पान्यावर सगळा भार टाकला आणि पुली ओढून काढणाऱ्या पुलरचा स्क्रू आणखी पाव फेरा फिरला. जुन्या ट्रॅक्टरची पुली मात्र हट्टी भाडेकरूसारखी ठाण मांडून बसली होती.

"अजून कस," बाबा म्हणाले. ती हलते का ते बघायला ते पुलीच्या अगदी समोर उकिडवे बसले होते. नाक आणि पुली यांत वीतभर अंतर.

"नट ठेवलाय ना?"

"मला शिकवतेस? ठेवलाय दोन आट्यांवर."

पुली एकदम सुटली तर अंगावर उडू नये म्हणून शाफ्टच्या टोकावरचा नट पुरता काढायचा नाही, हे त्यांनीच तिला कान पिळून शिकवलं होतं. तिने पाना सावरला आणि तिची नजर शेजारच्या डिझेलच्या डब्यात गेली. तळाशी नट पडला होता.

ताणलेलं लोखंड मधूनच टिक करत होतं. स्क्रू उलटा फिरवावा, तर त्या धक्क्यानेच पुली सुटायची. ओरडावं, तर बाबा दचकून आणखी पुढे वाकायचे. गेल्या महिन्यात त्यांनी विसरून उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडलं होतं आणि भाजलेला हात आठ दिवस गिऱ्हाइकांपासून लपवला होता.

"बाबा, मोठा हातोडा द्या ना. मागच्या फळीवर आहे."

"आता हातोडा कशाला?"

"द्या ना."

गुडघ्यावर हात टेकून, कुरकुरत ते उठले. तीन पावलं गेले असतील नसतील, धाडकन आवाज झाला. पुलरसकट पुली, ते बसले होते तिथूनच उडत जाऊन गॅरेजच्या पत्र्यावर आदळली.

बाबा वळले. शाफ्टच्या उघड्या टोकाकडे बघत राहिले.

"नट कुठंय?"

त्यांचा चेहरा तिला बघवेना.

"मी काढला. चुकून."

मग बाबांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. नियमातला एक शब्दही ते विसरले नव्हते. ते ऐकताना तिला जरा बरंही वाटलं. शेवटी त्यांनी तिच्या हातातला पाना काढून घेतला.

"तू घरी जा. दुसऱ्या इंजिनाची पुली मी एकटाच काढतो. तुझा भरवसा नाही."

ते दुसऱ्या इंजिनासमोर उकिडवे बसले. ती दारापर्यंत गेली आणि तिथूनच वळली.

"बाबा," ती म्हणाली, "नट मी नव्हता काढला."

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त हातातला पाना हळूच जमिनीवर ठेवला.