मावशीने चोरलेले तीन सेंटिमीटर

मुलांच्या दवाखान्यात तिला सगळे सिस्टर म्हणत आणि घरी धाकटी बहीण ताई म्हणे, म्हणजे दोन्हीकडे ती बहीणच. बारा वर्षं ती तिथे मुलांची वजनं-उंच्या घेत होती. पोराचे बूट काढायचे, भिंतीवरच्या पट्टीला पाठ लावून उभं करायचं, टाचा टेकवायच्या, हनुवटी सरळ धरायची आणि डोक्यावर फळी सरकवून आकडा वाचायचा. रडायला तोंड उघडलेल्या पोराचा आवाज फुटायच्या आत तिचं काम झालेलं असे. सिस्टरनी मोजलं की पुन्हा बघायला नको, असं डॉक्टरीणबाई नेहमी म्हणत.

तिची मुलगी आणि धाकटीची मुलगी अकरा दिवसांच्या अंतराने झालेल्या. तिची मोठी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बापाने तिला मिरी म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव चिकटलं. धाकटीच्या मुलीला सगळे लंबू म्हणत. आठवं सरलं तेव्हा मिरीचं डोकं लंबूच्या हनुवटीला लागत होतं.

हे ताईला सलत होतं. नुसतं सलत नव्हतं, आत काहीतरी धुमसत होतं. लोकांच्या मुलांच्या उंच्या मोजून त्यांच्या आयांना धीर देणारी ही बाई घरी आली, की मिरीला दुधाचा दुसरा पेला, तिसरा पेला देई. दाराच्या चौकटीत दांडा बसवून तिला रोज शंभर आकडे होईपर्यंत लोंबकळायला लावी. मिरी गुणाची पोर. ती लोंबकळत मोठ्याने आकडे म्हणायची आणि चाळिसाच्या पुढे थेट सत्तर गाठायची. तिच्या बापाने एकदोनदा सांगून पाहिलं, की आपण दोघं तरी कुठे ताडमाड आहोत. त्यावर ताई आठ दिवस त्याच्याशी नीट बोलली नाही.

धाकटीचा नवरा चांगला सहा फुटांवर होता. तो जहाजावर कामाला, वर्षातले आठ महिने बाहेर. पण हाडं तेवढी तो लेकीला देऊन गेला होता.

आणि मग कपडे. लंबूला आखूड झालेले फ्रॉक धाकटी धुऊन, इस्त्री करून मिरीसाठी आणायची. तिच्या मनात काही नसायचं. पण अकरा दिवसांनी लहान असलेल्या मावसबहिणीचे उतरलेले कपडे आपल्या मुलीने घालायचे, हे ताईला जिव्हारी लागे. ती हसून पिशवी घ्यायची आणि कपाटात मागे कोंबून ठेवायची.

सूड म्हणावा तर तो फारच बारीक होता. माणूस सकाळी उठतं तेव्हा थोडं उंच असतं आणि दिवसभराच्या उभ्या-बसण्याने संध्याकाळपर्यंत किंचित दबतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून मिरीची उंची ती सकाळी दवाखाना उघडल्या उघडल्या मोजायची आणि लंबूला दर सहा महिन्यांनी संध्याकाळची वेळ द्यायची. तेवढंच अर्धा-पाऊण सेंटिमीटर समाधान.

त्या दिवशीही लंबूची वेळ संध्याकाळची होती. मिरी शाळेतून थेट दवाखान्यात आली होती. बाकावर आया-बाप दाटीने बसलेले. धाकटीने आल्या आल्या पिशवीतून निळा कोट काढला आणि सगळ्यांदेखत मिरीच्या अंगावर चढवला. बाह्या तरीही लांबच होत्या. शेजारच्या बाईने कौतुकाने विचारलं, की या दोघींमध्ये दोन-तीन वर्षांचं अंतर असेल, नाही का? धाकटी हसली. मिरी कोटाच्या बाहीत हात लपवून उभी राहिली. ताईने फक्त लंबूचं नाव पुकारलं.

फळी एकशे तेहेतीस पूर्णांक चारवर टेकली. मागच्या खेपेला एकशे तीस पूर्णांक दोन होती. सहा महिन्यांत तीन सेंटिमीटर, आणि तेही संध्याकाळी. ताईने पेन उचललं आणि कार्डावर एकशे तीस पूर्णांक चार लिहिलं. कुणाची तरी खोड मोडल्यासारखं क्षणभर गार वाटलं.

तिला वाटलं होतं, डॉक्टरीणबाई आकडा बघतील आणि पुढचं पोर आत घेतील. पण त्यांनी तक्त्यावर ठिपका दिला आणि त्यांच्या भुवया जवळ आल्या. इतकी वर्षं चढत आलेली रेघ एकदम आडवी पडली होती.

"सिस्टर, पुन्हा एकदा मोजता का?"

मागे फिरायला ही एवढी संधी होती. ताईने लंबूला पुन्हा पट्टीला उभं केलं, फळी टेकवली आणि आत येऊन सांगितलं, की तेवढीच आहे.

मग डॉक्टरीणबाईंनी धाकटीला समोर बसवलं. मूल उंच आहे की बुटकं, याला त्या फारसं महत्त्व देत नसत. ते वाढतंय कोणत्या वेगाने, हे बघत. या वयातली धडधाकट पोरं वर्षाला पाचसहा सेंटिमीटर वाढतात, आणि वाढता वाढता एखादं मूल थांबलं तर त्यामागे काहीतरी असतं. त्यांनी एकेक विचारलं. भूक कशी आहे, पोट बिघडतं का, झोप किती, डोकं दुखतं का, गेल्या काही महिन्यांत मोठं आजारपण झालं का. आणि शेवटी आवाज खाली आणून विचारलं, की घरात सगळं ठीक आहे ना, कारण मूल मनातून फार खचलेलं असलं तरी कधी कधी वाढ मंदावते.

धाकटीचा चेहरा उतरला. ताई दाराशी ट्रे घेऊन उभी होती. तिच्या देखत धाकटी सांगू लागली, की वडील जहाजावर गेले की लंबू आठवडाभर उशीत तोंड खुपसून रडते. आपण कामावरून उशिरा येतो, तोवर ती शेजारी बसून असते. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "माझ्यामुळे झालं असेल का हो हे?" असं तिने विचारलं आणि पदर तोंडाला लावला.

डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. रक्त काढायचं काम अर्थातच सिस्टरचं.

लंबूने आपण होऊन बाही वर केली. दुसऱ्या कुणाचं दुखतं, मावशीचं नाही दुखत, असं सांगून ती आईला डॉक्टरीणबाईंच्या खोलीतच बसवून आली होती. ताईने रबरी पट्टी बांधली, शीर चाचपली. शीर चांगली होती. सुई गेली, नळीत रक्त भरू लागलं.

"मावशी, मी आता एवढीच राहणार?"

एक नळी भरली. अजून दोन भरायच्या होत्या. ताईने सुई काढली, कापूस दाबून धरला, पट्टी सोडली आणि पोरीला बसवून तशीच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. धाकटी तिथेच होती. नसती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. पण आता थांबलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही, हेही तिला कळत होतं.

"तिची उंची एकशे तेहेतीस आहे. मी खोटी सांगितली. दोन्ही वेळा."

डॉक्टरीणबाई उठल्या, बाहेर गेल्या आणि स्वतः मोजून आल्या. धाकटीला मात्र आधी नीट उमगलंच नाही. उमगलं तेव्हा ती ओरडली नाही.

"माझ्या पोरीला टोचलंस तू," ती म्हणाली. "माझी पोर वाढली म्हणून टोचलंस."

कोट घातलेल्या मिरीकडे न बघता ती लंबूला घेऊन निघून गेली.

दवाखाना रिकामा झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सिस्टरना बसवून घेतलं. उद्यापासून तुम्ही नोंदणीच्या टेबलावर, मोजमापाला हात लावायचा नाही, आणि पुढचं नंतर बघू, एवढं त्यांनी आधी सांगून टाकलं. मग मिरीचं कार्ड काढून समोर ठेवलं. आठ वर्षांचे ठिपके होते. लंबूच्या रेघेच्या बऱ्याच खालून ती रेघ गेलेली, पण एकदाही वाकली नव्हती.

"हिच्यात दोष कुठे दिसतो तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "आईबापांच्या बेताची उंची, आणि वेग अगदी हवा तसा. पोटभर जेवू द्या, झोपू द्या, खेळू द्या. याहून जास्त तुमच्या हातात काही नाही. दांड्याला लोंबकळून फक्त हात दुखतात. आणि एवढं बुटकी बुटकी म्हणून तिच्याकडे बघू नका, पोरांना कळतं."

ताईने मान खाली घातली. बारा वर्षं हेच ती दुसऱ्या आयांना सांगत आली होती, जवळजवळ याच शब्दांत.

घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो उठला आणि पाना आणून दांडा काढू लागला. मिरीला वाटलं, आपण आकडे चुकवायचो ते पकडलं गेलं.

धाकटी सात आठवडे आली नाही. ताईने चार वेळा फोन केले, दोनदा दाराशी जाऊन आली. दुसऱ्या खेपेला धाकटीने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. उंबऱ्यावरच ताई काय ते बोलली. माफी मागून झाली, मग जे कधी बोलली नव्हती तेही बोलली. तुझी पोर दिसली की माझा जळफळाट होतो, तू दिलेले फ्रॉक मी कपाटात कोंबून ठेवलेत.

धाकटीने ते ऐकून घेतलं.

"आणि मला काय वाटतं, ते विचारलंस कधी?" ती म्हणाली. "तुझ्या मिरीचा बाप रोज संध्याकाळी घरी येतो. तिला खांद्यावर घेऊन आमच्या दारावरून दुकानात जातो. माझी पोर खिडकीतून बघत बसते. पण म्हणून मी मिरीला काही केलं का, ताई?"

धाकटीने दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी मिरीचा बाप कुणाला न विचारता लंबूला घ्यायला गेला. धाकटीने तिला पाठवलं, स्वतः मात्र आली नाही. लंबू त्याच्या खांद्यावर काही मावेना, तिचे पाय त्याच्या कमरेपर्यंत लोंबत होते, पण तिने हट्टच धरला. शेवटी एका खांद्याला ती आणि दुसरीकडे हात धरून मिरी, असा तो धापा टाकत दुकानाकडे निघाला. ताई खिडकीत उभी राहून बघत होती. लंबू केवढी उंच दिसत होती तिथून. ते पुन्हा सललंच. ते तिने तसंच सोसलं आणि चौघांची पानं घ्यायला आत वळली.