कोन्सेसाची पहिली कवंदी

वसुंधराबाईंनी वळणीवरच्या कवंदीवरून हात फिरवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. कवंदी म्हणजे सिद्दी बायकांची गोधडी. बाई शिवणकेंद्राची मंजुरी घेऊन थेट धारवाडहून या रानातल्या वाडीत आल्या होत्या. मनाने चांगल्या, त्यात खोट नाही.

"काय हो हे, कोन्सेसाबाई! तुम्हां सिद्दी लोकांच्या रक्तातच आहे. आफ्रिकेतून घेऊनच आलात! तुम्हांला कशाला हवंय कुणी शिकवायला?"

आणि हसतहसत त्यांनी फॉर्मवर 'शिक्षिका' या रकान्यात लिहून टाकलं : गरज नाही, उपजत कला.

कोन्सेसाच्या अंगाचा तिळपापड झाला. शिक्षिकेच्या त्या जागेसाठीच तर तिने वर्षभर तालुक्याला खेटे घातले होते! वाडीतल्या बारा पोरींना टाका घालायला बसवलं कुणी? तिनेच. आणि ही बाई कौतुक करता करता तिलाच पुसून मोकळी झाली. बरं, शिवी दिली असती तर उलट शिवी देता आली असती. हिच्या तर तोंडात साखर! पण गप्प बसेल ती कोन्सेसा कसली?

तिने पेटीतून दुसरी एक कवंदी काढली नि पहिलीच्या शेजारी टाकली. टाके वेडेवाकडे, मधे फुगा, आणि चारी कोपरे उघडे. कोपऱ्यांवर कापडाची फुलं नसली तर सिद्दी बायका कवंदीला नागडी म्हणतात.

"सांगा बाई, यातली सिद्दी रक्ताची कुठली?"

"हे काय विचारणं झालं?" बाईंनी पहिलीवर बोट ठेवलं. "ही. ती कुणा नवखीची दिसतेय."

"ही शिवलीय शेजारच्या ठकूनं. गवळ्याची सून. जन्म म्हशींत गेला तिचा. पाच वर्षं माझ्यापुढे बसली, तेव्हा कुठे हात बसला." कोन्सेसाने दुसरी उचलून छातीशी धरली. "आणि ही माझी. लग्नानंतरची पहिली. सासूनं हिला फुलं लावू दिली नाहीत."

बाईंचा चेहरा उतरला. "अहो, मी चांगल्या मनानं बोलले हो."

"ठाऊक आहे. म्हणून तर चहा ठेवलाय, नाहीतर उठवलंच असतं." कोन्सेसा हसली, पण मागे हटली नाही. "माझी सासू पास्कू. रोज उसवायला लावायची. मी रडायचे. ती म्हणायची, रड, पण कडेपासून परत घाल. सात वर्षं, बाई! तुम्ही रक्त म्हणालात नि माझ्या म्हातारीची मेहनत गेली वाऱ्यावर. तुमच्या धारवाडात कुणी छान गायलं तर रक्त कुठलं विचारता, की गुरू कोण म्हणून विचारता?"

वसुंधराबाईंनी फॉर्म पुन्हा पुढे ओढला. लिहिलेल्यावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, कोन्सेसा सिद्दी. मग पेन तसंच धरून हळूच विचारलं, "गुरूंचं पूर्ण नाव काय तुमच्या?"

"पास्कू बस्त्यांव सिद्दी. पण त्याला रकाना आहे का?"

"नाही हो."

"मग कडेला लिहा. ठळक."